कुलूप आणि खरेदीखत

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी माणसापुढे एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. पुण्याचा, ठाण्याचा किंवा साताऱ्याचा बंद फ्लॅट ठेवायचा की विकायचा? पहिली काही वर्षे उत्तर सोपे असते. कुलूप लावायचे, एक किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची, सोसायटीचा मेंटेनन्स बँकेतून परस्पर जाईल अशी सोय करायची आणि विमानात बसायचे. 'परत गेलो तर?' या एका प्रश्नाच्या आधारावर ते कुलूप पंधरा-पंधरा वर्षे टिकते. दरम्यान नळ गळतो, खालच्या मजल्यावर ओल येते, पत्रपेटीत बिले साठतात आणि सोसायटीच्या सभेच्या नोटिशीवर आपले नाव येतच राहते. मग हळूहळू ध्यानात येते की कुलूप लावलेले घर म्हणजे सोडलेले घर नव्हे. खरेदीखतावर सही केली की ही सारी कटकट मिटते. दारावरची आजोबांच्या नावाची पाटीही त्याच दिवशी उतरते.

आजच्या लेखाचा विषय फ्लॅट नसून फेसबुकचे खाते आहे. ते तात्पुरते बंद ठेवावे की कायमचे मिटवावे, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळाच्या पॉटलकमध्ये मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यावर सविस्तर लिहावे असे वाटले. आपण पुस्तकांची समीक्षा करतो, नाटकांची करतो, गणेशोत्सवातल्या मसालेभाताची तर फार कठोरपणे करतो. ज्या पडद्याकडे रोज तासन् तास पाहतो त्यावरच्या दोन बटणांची समीक्षा मात्र कोणी करत नाही. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे अशी बटणे बनवणाऱ्यांच्याच जातकुळीतला. तेव्हा ही समीक्षा घरच्याच माणसाने केलेली आहे असे समजावे.

आधी माझी पात्रता सांगतो. मी आजवर तीनदा फेसबुकचे खाते तात्पुरते बंद केले आणि तिन्ही वेळा परतलो. पहिल्यांदा २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीच्या धामधुमीत, डोके फिरले म्हणून. अकरा दिवस टिकलो. दुसऱ्यांदा मार्च २०१८ मध्ये, केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरण उघडकीस आले तेव्हा, तत्त्व म्हणून; पाच आठवड्यांनी उन्हाळी सहलीच्या स्वयंसेवकांची यादी पाहायची होती, ती एका फेसबुक ग्रुपवर होती. तिसऱ्यांदा २०२१ मध्ये, वेळ वाया जातो म्हणून. धावण्याचा हिशेब ठेवणारे एक ॲप उघडताना 'फेसबुकने लॉगिन करा' हे बटण सवयीने दाबले आणि माझे झोपलेले खाते जागे झाले. दोष माझाच. असे होते हे मदतीच्या पानावर लिहिलेले होते, मी ते वाचले नव्हते. ज्याला डॉक्टरेटसाठी चारशे संदर्भ वाचायचा धीर होता त्याला एक पान वाचवले नाही!

दोन बटणांचे वाचन

तेव्हा आता ते पान नीट वाचू. फेसबुक आपल्यापुढे दोन पर्याय ठेवते. पहिला, खाते निष्क्रिय करणे. हे तात्पुरते आहे असे सांगितले जाते. दुसरा, खाते हटवणे; हे कायमचे आहे असे बजावले जाते. दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरांत. त्यामुळे वाचणाऱ्याचा समज होतो की ही एकाच रस्त्यावरची दोन स्थानके आहेत: पहिले जवळचे, दुसरे लांबचे. आधी पहिल्यापर्यंत जाऊन पाहू, नाही जमले तर पुढे जाऊ. माझ्या मते सगळी गफलत या समजात आहे.

निष्क्रिय केलेल्या खात्याचे काय होते? आपले प्रोफाइल इतरांना दिसेनासे होते. पण आपण पाठवलेले निरोप ज्यांना पाठवले त्यांच्याकडे राहतात. मित्रांच्या यादीत आपले नाव त्यांना दिसू शकते. ज्या ग्रुपमध्ये आपण लिहिले त्याच्या व्यवस्थापकांना आपले लेखन नावासकट दिसू शकते. मेसेंजर चालूच ठेवता येतो. फोटो, मजकूर, कोणाशी कधीपासून ओळख, काय आवडले, काय नावडले, हे सारे सर्व्हरवर जसेच्या तसे. मुदत कसलीच नाही. दहा वर्षांनी पासवर्ड घातला तरी घर झाडून-पुसून तयार. कंपनीच्या बाजूने पाहिले तर काहीही गेलेले नाही. गेले आहे ते फक्त आपले दर्शन.

हटवलेल्या खात्याची गोष्ट वेगळी. विनंती केल्यापासून ३० दिवस ते नुसते थांबून असते. त्या काळात लॉगिन केले तर विनंती रद्द करता येते. ३० दिवसांनंतर परतीचा मार्ग बंद होतो. सगळा मजकूर प्रत्यक्ष पुसला जायला आणखी वेळ लागतो. विनंतीपासून ९० दिवसांपर्यंत लागू शकतो असे कंपनी सांगते, आणि आपत्तीसाठी ठेवलेल्या बॅकअपमध्ये काही प्रती त्यानंतरही राहू शकतात असेही सांगते. मेसेंजर जाते. 'फेसबुकने लॉगिन करा' म्हणून जिथे जिथे शिरलो होतो तिथली किल्लीही जाते.

या दोन बटणांपर्यंत पोचण्याआधी आणि पोचल्यावरही आपल्याला कारण विचारले जाते. वेळ फार जातो? मग सूचना कमी करा. मेल फार येतात? मग मेल बंद करा. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानात 'हा रंग नको' म्हटले की दुकानदार नाराज होत नाही, दुसरा गठ्ठा सोडतो. तीच ही कला. एके काळी तर या पानावर आपल्या मित्रांचे फोटो दाखवून अमुक तुमची आठवण काढेल, तमुक आठवण काढेल असेही सुचवले जाई. निरोपाच्या वेळी दारात मुलांना रडायला उभे करण्याचा हा प्रकार होता.

दार कोणी करून घेतले?

दुसरे बटण कंपनीने आपण होऊन दिलेले नाही, हे विसरू नये. फेसबुक २००४ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी निघाले आणि सप्टेंबर २००६ मध्ये सर्वांना खुले झाले. त्या सुरुवातीच्या वर्षांत तात्पुरते बंद करणे सोपे होते. सगळे पुसायचे तर एकेक फोटो, एकेक ओळ स्वतःच्या हाताने काढावी लागे. फेब्रुवारी २००८ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ने याची बातमी केली, लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा कायमच्या निरोपाची वाट थोडी रुंद झाली. २०११ मध्ये मॅक्स श्रेम्स नावाच्या ऑस्ट्रियातल्या कायद्याच्या विद्यार्थ्याने फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली. त्याला १,२२२ पाने मिळाली, आणि त्यात आपण पुसले आहे असे तो समजत होता तो मजकूरही होता. २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गैरमार्गाने गेली असावी, हे फेसबुकनेच मान्य केले. त्याच मे महिन्यात युरोपचा जीडीपीआर कायदा लागू झाला आणि आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क तिथल्या नागरिकाला मिळाला. कॅलिफोर्नियात असा हक्क २०२० पासून आहे, आणि खाते बंद करण्याचे बटण ठळक असावे, बंद करताच माहितीही पुसली जावी, असा आणखी एक कायदा तिथे ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाला. भारताच्या २०२३ च्या कायद्यातही माहिती पुसून मागण्याची तरतूद आहे.

सांगायचा मुद्दा असा की पहिले दार घरमालकाने हौसेने बांधले, दुसरे बाहेरच्यांनी धडका मारल्यावर बांधले. दोन्ही दारे एकाच भिंतीत शेजारी दिसतात म्हणून ती एकाच हेतूने बांधली असे समजू नये.

विनंतीनंतरची थांबण्याची मुदत २०१८ मध्ये १४ दिवसांवरून ३० दिवसांवर गेली. यात मला दोन्ही बाजू दिसतात. रागाच्या भरात बटण दाबणाऱ्याला, किंवा दुसऱ्याच कोणी खात्यात शिरून ते पुसायला घेतले असेल तर त्याला, हे ३० दिवस वरदान आहेत. तंबाखू सोडणाऱ्याच्या खिशात मात्र ती पुडी महिनाभर राहते.

आतल्या यंत्राविषयी

इथे थोडे माझ्या धंद्यातले. डेटाबेसमध्ये एखादी गोष्ट 'बंद' करणे फार स्वस्त असते. नोंदीच्या शेजारी एक रकाना असतो, त्यात 'चालू'च्या जागी 'बंद' लिहायचे, झाले. आमच्यात याला सॉफ्ट डिलीट म्हणतात. खरोखर पुसणे महाग असते, कारण माहिती एका जागी नसते. ती वेगवेगळ्या शहरांतल्या सर्व्हरवर, पटकन सापडावी म्हणून केलेल्या प्रतींत, बॅकअपमध्ये पसरलेली असते. शिवाय एक नोंद दुसरीला, दुसरी तिसरीला जोडलेली असते.

२०२० च्या यूझनिक्स सिक्युरिटी परिषदेत फेसबुकच्या अभियंत्यांनी पुसण्याच्या आपल्या यंत्रणेवर एक शोधनिबंध सादर केला. तिचे नाव डेल्फ. कल्पना साधी आणि सुरेख आहे. दोन नोंदींमधल्या प्रत्येक दुव्यावर प्रोग्रॅमरने आधीच लिहून ठेवायचे की हा दुवा 'खोल' की 'उथळ'. खोल असेल तर एक नोंद गेली की तिला जोडलेली दुसरीही जाते. उथळ असेल तर फक्त धागा तुटतो. फोटो पुसला तर त्याखालच्या कॉमेंट जाव्यात, दुवा खोल. त्याच फोटोत टॅग केलेल्या मावशीचे आख्खे खाते जाऊ नये; दुवा उथळ.

अभियंता म्हणून मी त्या निबंधाला दाद देतो. पण वाचता वाचता मला जाणवले की हा दिसतो तांत्रिक निर्णय, आणि आहे मालकीचा. कॉमेंट कोणाची? लिहिणाऱ्याची, की ज्याच्या फोटोखाली लिहिली त्याची? आपल्या आधीच्या पिढीकडे याचे स्वच्छ उत्तर होते. आंतरदेशीय पत्र टपालपेटीत पडले की ते पाठवणाऱ्याचे राहत नसे, ज्याला पाठवले त्याचे होई. पाठवणारा वारला, रुसला, परदेशी गेला, तरी पत्र ट्रंकेत शाबूत. फेसबुकवरचे खासगी निरोप बरेचसे असेच आहेत. मी खाते मिटवले तरी माझ्या मित्राकडचे निरोप त्याच्याकडे राहतात. कॉमेंटचे तसे नाही. ती जगायला दोन खाती जिवंत लागतात. लिहिणाऱ्याने खाते मिटवले तर ती जाते, आणि ज्याच्या फोटोखाली लिहिली त्याने मिटवले तरी जाते. पत्राला एकच घर पुरे होई, हिला दोन लागतात.

बाबांच्या कॉमेंट

हे सारे मी एवढ्या बारकाईने वाचले त्याचे कारण आता सांगतो. माझ्या वडिलांनी २०१२ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी फेसबुकवर खाते उघडले. देवनागरी टंकायला ते स्वतः शिकले. माझ्या प्रत्येक फोटोखाली ते लिहीत, आणि पत्रात करतात तशी खाली सही करीत. मी बर्फ उपसतानाच्या फोटोखाली: 'कानटोपी दिसत नाही. बाबा.' मुलाच्या पहिल्या सायकलच्या फोटोखाली: 'ब्रेक तपासून घेणे. अनेक आशीर्वाद. बाबा.' नवीन घराच्या फोटोखाली एवढेच: 'दार पूर्वेला आहे का? बाबा.' फोनवर आम्ही दोघेही फारसे न बोलणारे. जे काही बोलणे झाले ते तिथे झाले.

२०१९ च्या डिसेंबरात बाबा गेले. फेसबुकवर दिवंगतांचे खाते स्मरणार्थ ठेवण्याची सोय २००९ पासून आहे. माझ्या बहिणीने आईच्या इच्छेने तसा अर्ज केला. बाबांचे पान आता तसेच आहे, नावाशेजारी आठवणीचा एक शब्द आणि खाली नातेवाइकांचे लिहिणे. म्हणजे बंद आणि चालू यांच्यात एक तिसरी अवस्थाही आहे, ती आपल्याला स्वतः घेता येत नाही.

त्यानंतर माझा मूळ प्रश्न पार बदलला. केंब्रिज ॲनालिटिकानंतर या कंपनीवरचा माझा विश्वास उडाला होता तो उडालेलाच होता. पण खाते मिटवले तर माझे फोटो जाणार, आणि त्यांखालची कानटोपीही जाणार. म्हणून तात्पुरते बंद, पुन्हा चालू, पुन्हा विचार, असे चालले होते. आईला एकदा विचारले. ती म्हणाली, "तुला नको असेल तर कर बाबा बंद. पण ह्यांनी लिहिलेलं जाईल का रे सगळं?"

थांबण्याच्या बाजूने

तात्पुरते बंद करण्याच्या बाजूनेही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये २०२० साली प्रसिद्ध झाला. २०१८ च्या मध्यावधी निवडणुकीआधी त्यांनी काही लोकांना १०२ डॉलर देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. त्या लोकांचा रोज सरासरी तासभर वेळ मोकळा झाला. घरच्यांशी, मित्रांशी भेटीगाठी वाढल्या (एकट्याने टीव्ही पाहणेही वाढले, हे संशोधकांनी लपवले नाही). बातम्यांची माहिती थोडी कमी झाली, राजकीय कडवेपणाही कमी झाला, आणि मन किंचित बरे झाले. महत्त्वाचे म्हणजे प्रयोग संपल्यावरही त्यांचा फेसबुकचा वापर आधीपेक्षा बराच कमी राहिला.

म्हणजे थांबणे निरुपयोगी नाही. पण त्या चार आठवड्यांत काय होते पाहा: ठरलेली तारीख होती, कोणीतरी तपासत होते आणि मोबदला होता. माझ्या तिन्ही वेळांत यातले काहीच नव्हते. सणाचा उपवास जमतो कारण तो सूर्योदयापासून ठरलेल्या वेळेपर्यंत असतो आणि घरातले सगळे पाहत असतात. 'जमेल तसा उपवास' हा प्रकार दुपारी दोनच्या पुढे टिकत नाही.

दुसरे असे की आपले खाते बऱ्याचदा आपल्या एकट्याचे नसते. नाशिकची आत्या, कोल्हापूरचे मामा यांना आपल्या मुलांची उंची किती वाढली हे त्या एका खिडकीतून कळते. खिडकी कायमची चिणायची तर पलीकडच्याला आधी सांगायला हवे. त्या दृष्टीने थांबणे हे सभ्यपणाचे पाऊल असू शकते.

पण 'असू दे, काय बिघडते' या भरवशालाही एक मर्यादा आहे. माझ्या पिढीला ऑर्कुट आठवत असेल. भारतात आणि ब्राझीलमध्ये त्याचे केवढे वेड होते. गूगलने ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. कुलूप लावून निघालेल्या भाडेकरूने गृहीत धरलेले असते की इमारत जागेवर राहील. ती पाडायचा हक्क मात्र त्याच्याकडे नसतो.

मग करावे काय?

या सगळ्या वाचनातून माझ्या पदरी एक साधा निकष पडला. आपली तक्रार कोणाविषयी आहे, हे आधी स्वतःला विचारावे.

तक्रार स्वतःविषयी असेल, म्हणजे वेळ जातो, झोप जाते, दुसऱ्यांच्या हवाई बेटांच्या सहली पाहून मत्सर वाटतो, तर तात्पुरते बंद करणे योग्य. मात्र परतीची तारीख कालनिर्णयवर लिहावी, ती घरच्यांना सांगावी, फोनवरून ॲप काढावे आणि दुसरीकडे कुठे फेसबुकने लॉगिन होत नाही ना, हे तपासावे. तारखेला परतायला काहीच हरकत नाही.

तक्रार कंपनीविषयी असेल, म्हणजे आपली माहिती त्यांच्या हाती नको असे वाटत असेल, तर तात्पुरते बंद करणे हे औषधच नव्हे. त्यात कंपनीकडून काहीच परत घेतले जात नाही. तिथे मिटवणे हाच उपाय, आणि तोही अर्धा आहे हे जाणून. फेसबुक सोडून व्हॉट्सॲपवर सगळा संसार हलवणे म्हणजे त्याच चाळीत खोली बदलणे. दोन्हींचा मालक एकच. व्हॉट्सॲपचे एक संस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी २०१४ मध्ये आपली कंपनी फेसबुकला १९ अब्ज डॉलरच्या सौद्यात विकली आणि मार्च २०१८ मध्ये लोकांना फेसबुक पुसून टाका असे जाहीरपणे सांगितले. घर विकून झाल्यावर वस्ती वाईट आहे असे सांगण्याचा हा मासला आहे. पण वस्तीविषयी ते खोटे बोलत होते असे नाही.

दोन तक्रारींची गल्लत केली की माझ्यासारखे होते. कंपनीवरच्या रागाने कुलूप लावायचे आणि वेळ मिळाला की उघडायचे. रागही शिळा होतो आणि सवयही तशीच राहते. पहिले बटण पहिल्या क्रमांकावर ठेवण्याचा फायदा कंपनीला इथे मिळतो: दुसरी तक्रार घेऊन आलेला माणूस पहिल्या तक्रारीचे औषध घेऊन घरी जातो.

मिटवण्याआधीची कामे थोडक्यात. आपली माहिती डाउनलोड करून घ्यावी. फेसबुकने जिथे लॉगिन होतो तिथे वेगळा पासवर्ड करावा. एखादे पान आपण एकट्यानेच चालवत असू तर दुसरा व्यवस्थापक नेमावा. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आणि इतरांनी आपल्या फोटोखाली लिहिलेले जे जपायचे आहे ते स्वतः उतरवून घ्यावे.

मी तेच केले. २०२४ च्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत चार दिवस बसून बाबांच्या २१४ कॉमेंट तारीखवार वहीत उतरवल्या, प्रत्येक फोटोची प्रत शेजारी चिकटवली. मुलगा सोळा वर्षांचा. फेसबुक हे म्हाताऱ्यांचे असते असे त्याचे ठाम मत. पण सायकलचे पान त्याने बराच वेळ पाहिले. "ब्रेक तपासले होते का?" त्याने विचारले. मला आठवेना. मग मी दुसरे बटण दाबले. ३० दिवस गेले. एकदाही परत फिरलो नाही, कारण आत माझे काही राहिले आहे असे वाटत नव्हते.

हिशेब चुकला होता. फेब्रुवारीत व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अरे, ह्यांच्या पानावर तू लिहिलं होतंस ना, ते दिसत नाही आता. मी वाचायचे अधूनमधून." बाबा गेले त्या आठवड्यात मी त्यांच्या पानावर दहा-बारा ओळी लिहिल्या होत्या. माझे खाते मिटले तसे माझे लिहिणेही सगळीकडून गेले, त्यांच्या पानावरूनही. माझ्याकडे असलेले दुसऱ्यांचे शब्द मी मोजून वहीत घेतले होते. दुसऱ्यांकडे असलेले माझे शब्द मोजायचे मला सुचलेच नव्हते. वर खोल आणि उथळ यांचे एवढे प्रवचन दिले, तोच हा अभियंता!

खाते मिटवल्याचा मला पश्चात्ताप नाही. निर्णय बरोबर होता, तयारी अपुरी होती. डाउनलोड केलेल्या फायलीत माझ्या त्या ओळी सापडल्या. त्या मी चांगल्या कागदावर हाताने लिहिल्या, खाली सही केली आणि पाकिटात घालून पोस्टाने आईला पाठवल्या. पोचायला सतरा दिवस लागले. आता ते पत्र आईच्या कपाटात, बाबांच्या चष्म्याच्या घराखाली आहे.